सेलेस्टिन बेकरी : संदर्भ हवा

एस्टोनिया देशातल्या तार्तू नावाच्या गावी ज्ञानाचं व्यवस्थापन शिकून मी भाईंदरच्या जेसल पार्कला परत आलो, तेव्हा समाजासाठी काहीतरी करायचं हे माझं ठरलेलं होतं. (समाजाचं काही ठरलेलं नव्हतं.) शेजारच्या शैलाकाकूंनी विचारलं, "निकेत, शिकलास काय तिकडे?"

"ज्ञानाचं व्यवस्थापन."

"म्हणजे अजून नोकरी नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

नोकरी मिळेपर्यंत इंटरनेटवरच्या एका मराठी मुक्त ज्ञानकोशाचा परीक्षक व्हावं, असं मी ठरवलं. तिथे कुणीही लेख लिहू शकतो, फक्त तो खरा आणि तटस्थ आहे ना हे परीक्षक तपासतो. लेखक आणि परीक्षक दोघंही टोपणनावानं वावरतात. मी 'सत्यान्वेषी' हे नाव घेतलं. मराठीत ज्ञान कमी नाही, पुरावे कमी आहेत, असं माझं मत होतं, आणि ही परिस्थिती बदलायला मी सोफ्यावर बसलो.

पहिलाच लेख वाट्याला आला तो आमच्याच केबिन रोडवरच्या सेलेस्टिन ऑरगॅनिक बेकरीवरचा. लेखकाचं नाव होतं 'जागरूक नागरिक'. सुरुवात अशी होती : "सेलेस्टिन ही केवळ बेकरी नसून एक संस्कार आहे." त्यापुढे मी शेरा मारला, 'संदर्भ हवा'. "येथील पाव ताडीने आंबवतात व तो दुसऱ्या दिवशीही आपला स्वभाव सोडत नाही." संदर्भ हवा. "मालक श्री. गेविन हे मूळचे उत्तनचे असून मनाने अत्यंत चांगले आहेत." इथे मी तोच शेरा दोनदा मारला. शेवटचं वाक्य होतं, "भाईंदर पूर्वेला राहून ज्याने हा पाव खाल्ला नाही, त्याने पश्चिमेलाच राहावे." इथे 'तटस्थतेचा अभाव' असं लिहून मी खाली सूचना लावली, की दिवाळीपर्यंत विश्वसनीय संदर्भ न मिळाल्यास हा लेख काढून टाकण्यात येईल.

दुपारी उत्तर आलं. "महोदय, आपल्या शेऱ्याच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर पाव मी गेली अनेक वर्षे स्वतः खात आहे. याहून विश्वसनीय संदर्भ कोणता, याचा खुलासा व्हावा."

मी खुलासा केला. स्वतः खाणं, पाहणं, अनुभवणं याला 'मूळ संशोधन' म्हणतात आणि ते ग्राह्य नसतं.

त्या दिवशी जेवताना बाबा गप्प होते. माझे वडील, दशरथ, विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि एरवी भाजीच्या फोडीवरही अभिप्राय देतात.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. एक साहेब आहे. मंजुरीला बसलाय, पण अक्कल घरी ठेवून आलाय."

मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी अडलं असेल. अन्यायाची मला मुळातच चीड आहे. "अशा माणसाला सोडायचं नाही," मी म्हणालो. "वरिष्ठांकडे तक्रार करा. रीतसर चौकशी मागा."

"करू म्हणतोस?"

"केलीच पाहिजे. मलासुद्धा सध्या एक हेकट माणूस भेटलाय."

"मग तूही सोडू नकोस," बाबा म्हणाले. "असल्या माणसाला घट्ट धरायचं."

कितीतरी दिवसांनी आमचं बाप-लेकांचं इतकं मनमोकळं बोलणं झालं होतं. आई आमटी वाढत होती. तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आमटी परत नेली.

दरम्यान, ज्याचं परीक्षण करायचं त्याचं अन्न खाऊ नये, म्हणून मी घरी येणारा सेलेस्टिनचा पाव सोडला आणि खाखऱ्यावर राहू लागलो. तेवढ्यात दिवाळी जवळ आली. दिवाळीला आमच्याकडे रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही दरवर्षीची पद्धत.

"आई, या वर्षी तिथे नको. हितसंबंधांचा प्रश्न येतो."

"रवा आपला, तूप आपलं. त्याची नुसती भट्टी."

"भट्टीसुद्धा हितसंबंधात येते."

"बरं. मग डबे उचलायला चल. डबे तर आपले आहेत."

डब्यांबद्दल नियम सापडेना, म्हणून गेलो.

बेकरीत गर्दी होती. प्रत्येक बाई आपल्या तुपाकडे डोळ्यात तेल घालून पाहत होती. गेविनच्या मागच्या भिंतीवर, त्याच्या आईच्या, म्हणजे सेलेस्टिनबाईंच्या फोटोशेजारी, एक भलीमोठी फ्रेम होती. काच स्वच्छ पुसलेली, आत काहीच नाही.

"ही रिकामी का लावलीय?" मी विचारलं. (परीक्षकानं प्रत्यक्ष पाहणी करायला हरकत नसते.)

"काकांचा लेख लावायचा हाय त्यात," गेविन म्हणाला.

"कुठले काका?"

"तुझा बाप रे. दशरथकाका. आमच्या बेकरीवर लेख लिवलाय त्यांनी, कोशात. माझ्या आईचं नाव हाय त्याच्यात. पण कोण तरी एक गाढव बसलाय तिथे, पास करत न्हाय. काका हल्ली पाव घ्यायलापण येत न्हायत. बोलतात, गेविन, तोंड कसं दाखवू?"

मी डबे खाली ठेवले. मग उगाच परत उचलले.

"तुला माहीत होतं?" बाहेर आल्यावर मी आईला विचारलं.

"म्हणजे काय. त्यांनी मोबाईल खाली ठेवला की तुझा वाजतो. तू ठेवलास की त्यांचा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. समोरासमोर भांडायची लाज वाटते म्हणून मोबाईलवर भांडताय. शेजाऱ्यांना त्रास नाही, मी म्हटलं, चालू दे."

घरी आलो तेव्हा बाबा खिडकीत मोबाईल धरून बसले होते. चष्मा कपाळावर, तोंड उतरलेलं. मला तत्त्वं आहेत, पण वडीलही आहेत. मी शोधाशोध केली. एका स्थानिक साप्ताहिकात सेलेस्टिनबाईंवर आलेला लेख मिळाला, उत्तनच्या एका चर्चच्या स्मरणिकेत ताडीच्या पावाची हकिगत मिळाली. दोन्ही संदर्भ लेखाला जोडले, पश्चिमेबद्दलचं वाक्य तेवढं काढलं, आणि खाली लिहिलं, "परीक्षकाची चूक झाली. लेखकाची भाषा रसाळ असून अशा लेखकांची कोशाला गरज आहे." घरात मात्र काही बोललो नाही. बाबांना तो विजय परक्या माणसावरचा वाटावा, अशी माझी इच्छा होती.

तसा तो वाटला. "आला वठणीवर," बाबा जेवताना म्हणाले आणि आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. "रसाळ म्हणतोय. तुझा सल्ला उपयोगी पडला हो."

"कुठला सल्ला?"

"तक्रारीचा. केली मी वर. चौकशी लागलीय त्याची."

घास माझ्या घशात अडकला. (तो खाखऱ्याचा होता, तो तसाही अडकतो.)

निकाल दिवाळीच्या पहिल्या दिवशी, आम्ही फराळाला बसलो असताना आला. बाबांनी मोबाईल हातभर लांब धरून तो मोठ्यानं वाचला.

"चौकशीअंती असे आढळले की, 'जागरूक नागरिक' व 'सत्यान्वेषी' ही दोन्ही खाती एकाच घरातल्या एकाच इंटरनेट जोडणीवरून चालतात. आधी कडाक्याचे भांडण व मग अचानक स्तुती, ही एकाच व्यक्तीने दोन नावांनी नाटक करण्याची नेहमीची पद्धत आहे. लेखास स्वतंत्र संदर्भ असल्याने तो कायम ठेवण्यात येत आहे. 'जागरूक नागरिक' हे जुने खाते मूळ समजून ताकीद देण्यात येत आहे. 'सत्यान्वेषी' हे त्याचे बनावट खाते असून कायमचे बंद करण्यात येत आहे."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तो..."

"मीच."

त्यांनी नानकटाईची बशी माझ्याकडे सरकवली. "अक्कल घरी ठेवून आलाय म्हणालो होतो," ते म्हणाले. "घरात पण दिसत नाही."

मी नानकटाई खाल्ली. उत्कृष्ट होती. (संदर्भ नाही.)

"अपील करता येतं," मी म्हणालो. "पण मी तुमच्यापासून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती आहे याचा पुरावा द्यावा लागेल. वेगळा पत्ता, नाहीतर नोकरी."

"आहे का काही?"

मी चकलीकडे बघत राहिलो.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा नीट केला आणि एका बोटानं सावकाश टाइप केलं, "महोदय, सदर इसम माझा मुलगा असून तो वेगळा आहे, हे मी त्याच्या जन्मापासून स्वतः पाहत आलो आहे."

फराळ संपायच्या आत उत्तर आलं : 'हे मूळ संशोधन आहे. ग्राह्य नाही.'