नारळ निघाले रामेश्वरला

भोरमध्ये सहलीची आखणी करावी तर ती गंगाधररावांनीच, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण लोक हरकत घेत नाहीत! पतसंस्थेत व्यवस्थापक म्हणून केस पांढरे केलेत मी. माझ्या आखणीत खोट काढणारा अजून जन्माला यायचाय.

तर यंदा दक्षिण! तीही आपल्या गाडीने. गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी, मग समुद्र उजव्या हाताला धरून थेट कन्याकुमारी आणि शेवटी रामेश्वर. गाडी चालवणार चिरंजीव श्रेयस. मागे आमची सौ. सरोज आणि सूनबाई भार्गवी. पुढच्या खिडकीत, मार्गदर्शक म्हणून, अस्मादिक! कन्याकुमारीला पहाटे समुद्रातून वर येणारा सूर्य बघायचा, हे माझं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा काही म्हणजे काही आडवं येऊ द्यायचं नव्हतं.

फक्त एक चूक झाली. रीत म्हणून मी मोबाईलवर स्टेटस टाकलं, ‘आम्ही रामेश्वरला निघालोय. कुणाला देवाला काही वाहायचं असल्यास निःसंकोच सांगावे.’ आता तुम्हीच सांगा, असं लिहिलं म्हणून कुणी खरंच सांगतं का? ‘जेवूनच जा’ म्हटलं म्हणून कुणी लगेच पानावर बसतं का?

बसतं हो, बसतं!

पहिले आले मार्गासनीचे सावळाराम. आमचा वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडचा. दोन नारळ पुढ्यात ठेवून म्हणाले, “एक रामेसरला. आन दुसरा वाटंत जी देवी लागंल तिला.” मग आली सगळी आळी. मग पतसंस्था. मग सरोजचं भजनी मंडळ, झांजांसकट! सोफ्यावर नारळ, दिवाणाखाली नारळ. चार दिवसांत अशी वेळ आली, की आंघोळीला जायचं तर नारळ ओलांडून जावं लागे.

शेवटी हिर्डोशीच्या ठकुबाई आल्या. दरसाल आमच्याकडे नाचणी घेऊन येतात त्या. हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेला नारळ त्यांनी माझ्या हातात दिला.

“नातवाचा पाय मोडला व्हता, तवा बोलले व्हते रामेसराला. आता पळतंय पोरगं.”

“ठकुबाई, अहो, आम्ही नारळाच्याच मुलखात निघालोय!” मी कळकळीने म्हणालो. “तिकडे बघावं तिथे नारळ. तिथलाच घेतो आणि तुमच्या नावाने वाहतो!”

“तिथला नारळ तिथल्या देवाचाच की वो सायेब. त्याचंच त्याला देऊन म्या काय दिलं?”

सरोजने तो नारळ माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावला आणि विषय संपला.

निघायच्या आदल्या दिवशी श्रेयसने गाडी भरायला घेतली.

“बाबा, डिकी फुल्ल. बॅगा कुठे ठेवू?”

“नारळ कमी कर!”

“देवाचा नारळ कमी करायचा?” सरोज कडाडली. “बॅगा कमी करा!”

आणि कुणाची बॅग आधी उतरली? माझी! वर आणखी, पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत दोन पोती कोंबून सूनबाई गोड आवाजात म्हणाल्या, “बाबा, तुम्ही मांडी घालून बसाल ना?”

भोर ते कन्याकुमारी, मांडी घालून! अरे, मी काय सत्यनारायणाला बसलोय?

माझं डोकंच फिरलं. मी मनाशी म्हटलं, महादेव तो महादेव! आपल्या आंबवड्याचा नागेश्वर काय परका आहे? “गाडीत हवा भरून आणतो,” असं सांगून मी निघालो तो थेट आंबवड्याला. तिथला झुलता पूल नुसतं चालताना हलतो, मी तर डोक्यावर पोतं घेतलेलं! पण शेवटी एक पोतं देवळात पोचवलं. गुरव चाटच पडले.

“एवढे नारळ? कसला नवस, साहेब?”

“तालुक्याचा!” मी रुबाबात म्हणालो. “फोडा!”

त्यांनी पहिला फोडला. दुसरा फोडला. तिसरा उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबा वो! त्यो माजा हाय!”

वळून बघतो तर ठकुबाई! त्यांची लेक आंबवड्यात दिलेली, हे मला कुणी सांगायचं? सोमवार म्हणून माय-लेकी दर्शनाला आल्या होत्या. गुरवाच्या हातात हिरव्या चिंधीचा नारळ!

“रामेसर हितं कवा आलं वो, सायेब?”

“अहो, महादेव सगळीकडे एकच!”

“मंग तुमी कशापायी चाल्लाय रामेसरला? हितंच बसा की!”

सगळं देऊळ हसलं. गुरवसुद्धा!

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारात सरोज, तिच्या मागे अख्खं भजनी मंडळ. नवसाच्या नारळाला दगा दिलेल्या माणसाबरोबर आपले नारळ जाणार नाहीत, असं एकमताने ठरलं. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मी आजवर एकमत पाहिलेलं नाही, इथे मात्र झालं! नारळांबरोबर खात्रीचा माणूस हवा. आणि तो माणूस म्हणजे ठकुबाई!

“अगं, आणि मी?” मी ओरडलो. “आखणी माझी! रजा माझी! सूर्य माझा!”

“महादेव सगळीकडे एकच आहे ना?” सरोज शांतपणे म्हणाली. “मग तुम्ही आंबवड्याला जा.”

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली. माझ्या खिडकीत ठकुबाई, मांडी घालून, अगदी ऐसपैस! म्हणाल्या, “सायेब, म्या समुद्र कदी बगितला न्हाई,” आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यामुळे मला धड भांडताही येईना. मी रागारागाने हात हलवला.

आठवड्याने कन्याकुमारीहून सरोजचा फोन आला. सूर्य कसा वर आला, ठकुबाईंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून हात कसे जोडले, भार्गवीने फोटो किती काढले, सगळं सांगून झालं. माझं नाव कुठेच नाही! शेवटी मीच विचारलं, “काय गं, माझी आठवण येते की नाही?”

“येते तर! रोज येते.”

मी जरा विरघळलो. “कधी गं?”

“मुक्कामाला पोती उतरवायची असतात ना, तेव्हा.”

मी संतापाने फोन आपटला. म्हणजे, तिने ठेवल्यावर.