पुढच्या सीटवरचं कोकरू

माझ्यासारखा जबाबदार माणूस अमेरिकेतल्या अख्ख्या बफेलो शहरात सापडायचा नाही! उगाच का मी आमच्या पोलिश मदत मंडळाचा चिटणीस आहे? म्हणून आम्हा पोलिश लोकांच्या ईस्टरच्या जेवणात मांडतात ते लोण्याचं कोकरू चर्चमध्ये न्यायचं, फादरकडून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं आणि मंडळाच्या हॉलवर आणायचं, हे काम मी स्वतःहून मागून घेतलं.

कोकरू गेनोव्हेफा मावशीच्या हातचं. चाळणीतून लोणी दाबून ती त्याची लोकर काढते, मिऱ्यांचे डोळे बसवते. आता तिचे हात थरथरतात.

"बोलेक, हे शेवटचं हं. बरं जमलंय ना रे?"

"मावशी, आत्ता बें करेल बघ!"

लहान मुलीसारखी लाजली बिचारी.

चर्चमधून परतताना मी कोकराला मानाने पुढच्या सीटवर बसवलं, पट्टासुद्धा बांधला! बाहेर बर्फ, त्यात माझी कंबर धरलेली. सीट गरम करायचं बटण दाबलं. कंबर शेकेना! आणखी वाढवलं. गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हॉलपाशी उतरताना कळलं, मी शेजारच्या सीटचं बटण दाबत होतो! टोपलीत कोकरू आडवं झालेलं आणि डोळे पोहत होते.

टोपली बर्फात रोवली, लोणी जरा घट्ट झाल्यावर हातमोज्याने मान उभी केली. तेवढ्यात कोकराचे पायच गळून पडले.

"हे बदक कुणी आणलं?" दारातच खजिनदार झेनोन ओरडला. "फादरनी आशीर्वाद दिला की शाप?"

"फेकून दुसरं आणू का?" मी पुटपुटलो.

"आशीर्वादाचं अन्न फेकतोस? शुद्धीवर आहेस ना!"

हॉलवर आधीच येऊन बसलेली मावशी चष्मा लावून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"गेले म्हणायचे माझे हात," ती हळूच म्हणाली. "सकाळी मला चांगलं दिसलं होतं रे."

मी घाईघाईने म्हणालो, "नाही गं मावशी! मी वितळवलं! सीट गरम केली!"

"पुरे. म्हातारीला बरं वाटावं म्हणून थापा मारतोस."

"आईशप्पथ!"

झेनोनने माझी पाठ थोपटली. म्हणे, केवढं मोठं मन! मावशीने हात शालीत लपवले. तिच्या पावाला लोणीसुद्धा दुसऱ्यांनी लावून दिलं.

शेवटी मी तिला गाडीत नेऊन त्याच सीटवर बसवलं आणि बटण दाबलं.

"ऊब छान आहे," मावशी म्हणाली. "पण इथं लोणी कोण ठेवेल? एवढ्या मूर्ख माणसाला आम्ही चिटणीस केलं असतं का रे?"