हेडबाईंची काळी फुलं

बियांपासून फुलं काढणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी जेवताना बोलून गेलो आणि घात झाला. समोर थोरली मेहुणी बसली होती. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. घरात सगळे त्यांना हेडबाई म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी. मी विंचवाला भीत नाही, पण त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

"मग माझ्या दुकानाला काळी फुलं द्या," त्या म्हणाल्या. निवृत्तीनंतर त्या फुलांचं दुकान काढत होत्या. "उद्घाटनाला दर्शनी काच काळ्या फुलांनीच सजवायची. लोकांना आमंत्रणात तसं कळवतेच."

"बादल्या भरून देतो," मी म्हणालो. ही जीभ एक दिवस माझा जीव घेणार.

कॉर्नफ्लॉवर नावाच्या विलायती काळ्या फुलाचं बी आणून परसात पेरलं. रोपं वीतभर झाली तेव्हा बायको, सासरे, हेडबाई अशा सगळ्यांना वाफ्याशी उभं करून मी धडा दिला. "आता शेंडे खुडायचे. मग बाजूने फांद्या फुटतात आणि फुलं दुप्पट येतात." दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सगळे शेंडे खुडून मोकळा झालो.

फांद्या फुटल्या. मग त्यांचे शेंडे गायब झाले. पुन्हा फुटले, पुन्हा गायब. कळी म्हणून धरेना. झाडं कोबीसारखी गरगरीत झाली आणि उद्घाटन तोंडावर आलं. अळी म्हणावी तर पानं शाबूत. उंदीर म्हणावा तर इतका नीटनेटका उंदीर मी पाहिला नव्हता.

"अहो, ताईला आत्ताच सांगून टाका," बायको म्हणाली.

"तू सांग."

"मी? मी तिच्याच शाळेत होते. मला माहितीये ती काय करते."

शेवटी एका दुपारी काठी घेऊन मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. आधी सासरे आले. इकडेतिकडे पाहून चार शेंडे खुडले आणि पुटपुटले, "जावई नुसता बोलतो. करायचं आपल्यालाच." ते गेल्यावर बायको आली आणि तिनेही तेच केलं. मी काठी सावरून बाहेर पडणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

हेडबाई! त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक शेंडा छाटला. पोरांचे केस कापावेत तसा. मग त्यांची नजर टाकीकडे वळली.

"तिथे काय करताय?"

"टाकी... बघत होतो."

"दर भेटीला बघते, एक शेंडा तुमच्या हातून खुडला जात नाही. सगळं मलाच करावं लागतं."

शेंडे एकदाच खुडायचे असतात, हे बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी तोंड मिटलं.

उद्घाटनाला दर्शनी काचेत एक भलीमोठी बरणी होती आणि तिच्यात एकच काळं फूल, कुठल्याशा फांदीखाली लपून वाचलेलं. लोक जमले.

"एवढं तरी आलं," हेडबाई सगळ्यांना सांगत होत्या, "ते मी स्वतः लक्ष घातलं म्हणून. काय हो?"

"तर काय," मी म्हणालो.