दुमडत्या यंत्राच्या खोळीची बखर

श्रीगजानन प्रसन्न असो, कुलस्वामिनी साह्य असो, आणि भिंतीतील विजेचे बटण चालू असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढमासी एका राज्यात जे अघटित वर्तले, ते आम्ही या डोळ्यांनी देखिले आणि देखोन हबकलो, म्हणोन कागदावर उतरितो. राज्याचे नाव लिहीत नाही. मुलूख तिसऱ्या मजल्यावरचा, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, दक्षिणेस धुणे वाळत घालण्याच्या दोऱ्या, आणि उत्तरेस आमचे दार, ऐसी सरहद्द. गादीवर श्रीमंत हेरंबराव, त्यांच्या पत्नी मातुश्री नीलांबरीबाई, मसलतीस ज्येष्ठ बंधू त्र्यंबकराव काकासाहेब, आणि एकुलती कन्या मृण्मयी. या राज्याचा एक कुलाचार होता. नवी वस्तू घरात आली म्हणजे तिला आधी खोळ घालावी, मग वापरावी, आणि फारच चांगली असली तर वापरूच नये. त्याप्रमाणे टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावोन विराजत असे, फ्रिजच्या मुठीस सुती अंगरखा होता, आणि सोफ्याने आपला मूळ रंग आम्हांस कधी दाखविला नव्हता. आम्ही इतकी वर्षे समोर राहतो, पण तो हिरवा की तपकिरी, हे देवास ठाऊक.

ऐसे चालले असता कन्येस वास्तुकलेच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, आणि राज्यात पेढे वाटले गेले, आणि मग कन्येने दरबारी अर्ज केला की मला लॅपटॉप पाहिजे. येथवर कोणी दचकले नाही. परंतु पुढे ती वदली की साधा नको, ज्याचा पडदा उलटा फिरवोन पाठीस लावता येतो आणि ज्यावर पेनाने चित्र काढता येते तो पाहिजे, कारण आमचे गुरुजी विद्यार्थ्यांस रस्तोरस्ती हिंडवितात आणि इमारतीपुढे उभ्या उभ्या रेखाटन करवितात, तेथे टेबल कोठले, आणि खांद्यावर ओझे किती वागवावे, आणि तेच यंत्र घरी माझ्या चित्रांसही उपयोगी पडेल. हे ऐकोन काकासाहेब आसनावरून अर्धे उठले. त्यांच्या मते यंत्र म्हणजे उचलताना कंबर आठवली पाहिजे. त्यांनी मोठ्या पडद्याचे, मोठ्या पंख्याचे, एकदा टेबलावर बसले की जागचे न हलणारे यंत्र सुचविले, आणि हलके ते तकलादू असे मत दिले. हेरंबरावांनी दोघांचेही ऐकिले आणि दोघांकडेही मान डोलाविली, ही त्यांची राज्यकारभाराची रीतच होती. अखेर मातुश्री म्हणाल्या, "वापरणार ती आहे. तिला हवं तेच घेऊ." मातुश्री दरबारात क्वचित बोलत, म्हणोन मसलत तेथेच आटोपली.

मग सारा लवाजमा बाजारात गोकुळशेट यांच्या दुकानी दाखल जाहला. आम्हांसही पिशव्या धरावयास नेले होते. गोकुळशेटांनी एक राखाडी रंगाचे पातळ यंत्र पुढे ठेविले, आणि कन्येने ते एका हाताने उचलोन तोलोन पाहिले, आणि बॅटरी दिवसभर पुरते काय, पेन यंत्रासोबत मिळते काय, पेन दाबले तर रेघ जाड उमटते काय, ऐसे प्रश्न विचारिले की गोकुळशेट खुर्ची सोडोन उभेच राहिले. आणि मग त्यांनी पडद्यास दोन बोटे लाविली, आणि पडदा मागे नेला, आणि अजून मागे नेला, आणि जेथे सज्जन यंत्राने थांबावे तेथेही न थांबता पार पाठीमागे नेऊन टेकविला. हर हर! हेरंबरावांनी डोळे मिटले. काकासाहेब दुकानाच्या पायरीपाशी जाऊन पोहोचले, का की मोडलेल्या मालाची भरपाई जवळ उभ्या असणाऱ्याच्या गळ्यात पडते. मातुश्री घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "आम्ही हात नाही हो लावला. तुमच्याच हातून झालंय." आमच्या हातची पिशवी खाली पडली. परंतु यंत्र मोडले नव्हते, पाटीसारखे सपाट होऊन उजळले होते, आणि कन्येने पेन घेऊन त्यावर गोकुळशेटांचे नाक काढिले, ते हुबेहूब उतरले. मातुश्री त्या रेघेकडे फार वेळ पाहत राहिल्या. आम्हांस वाटले, धक्का ओसरला नसेल. यंत्र खरेदी जाहले.

आता पुढील प्रकार ऐकावा. यंत्र राज्यात आले, त्यास हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला, आणि कुलाचार सुरू जाहला. हेरंबराव बाजारात जाऊन पडद्यासाठी जाड काच घेऊन आले आणि फुंकर मारमारोन स्वहस्ते चिकटविली. काकासाहेबांनी, झाला गेला राग विसरोन, एक कडक पेटी भेट दिली, ती यंत्राच्या अंगावर खालून वरून कायमची बसली. कळफलकावर प्लास्टिकचे कातडे चढले. आणि मातुश्रींनी जुन्या रेशमी साडीची, आत रुई भरलेली, काठाला वेलबुट्टी काढलेली खोळ शिवली, आणि ती निघो नये म्हणोन बिजागरीच्या बाजूने पक्की टाचली. खोळ अशी सुरेख की आम्ही तोंडात बोट घातले. कन्या म्हणाली, "आई, हे असं उलटं फिरणार कसं?" मातुश्री म्हणाल्या, "आधी थोडे दिवस जप. मग फिरव." कन्येने आईच्या बोटांस टोचलेली सुई पाहिली होती, म्हणोन तिने मान डोलाविली. जे यंत्र ती एका हाताने उचलीत होती, ते आता दोन्ही हातांनी उचलावे लागे, आणि काकासाहेब उचलोन पाहत आणि संतोष पावत.

श्रावण लागला, महाविद्यालय सुरू जाहले, आणि पहिल्याच दिवशी गुरुजींनी साऱ्यांस जुन्या टाऊन हॉलसमोर उभे केले. सायंकाळी कन्या घरी आली ती चप्पल न काढता सोफ्यावर बसली. काय जाहले ते हळूहळू कळले. यंत्र उलटेना, आणि पेन फिरविले तरी त्या जाड काचेखाली रेघ उमटेना, आणि अवघा वर्ग रेखाटीत असता ही छातीशी खोळ धरोन उभी, आणि गुरुजींनी जवळ येऊन विचारिले की घरून चित्रासाठी आणले आहे की नुसते मिरवावयास. वर्ग हसला. कन्या म्हणाली, "उद्यापासून मी कागद-पेन्सिल नेते. हे राहू दे घरीच, चांगलं." तिने हे रागाने म्हटले असते तर बरे होते, पण ती शांतपणे म्हणाली, आणि उठोन कागद शोधावयास मातुश्रींचे कपाट उघडिले.

कपाटात शालूंच्या खाली एक लाकडी पेटी निघाली, वर सेलोफेन जसाच्या तसा, आत रंगांच्या नळ्या आणि कुंचले. कन्येने सेलोफेन फाडिला आणि एक नळी दाबिली, ती दबली नाही. दुसरी दाबिली, तीही नाही. रंग आतल्या आत दगड जाहले होते. तिने विचारिले, हे कोणाचे. मातुश्री दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझे. चित्रकलेच्या परीक्षेत पहिली आले तेव्हा माझ्या बाबांनी आणून दिले होते. इतके चांगले होते, म्हटलं, काहीतरी खास काढायचं असेल तेव्हा उघडू." कन्या म्हणाली, "तू चित्रं काढायचीस?" आणि सारा दरबार थिजला. हेरंबरावांचा संसार इतक्या वर्षांचा, त्यांनाही ठाऊक नव्हते. आम्ही तर समोर राहतो, या घरातील भांडी पडल्याचा आवाजदेखील आम्हांस ओळखता येतो, आणि हे आम्हांस ठाऊक नव्हते, याची आम्हांस लाज वाटली. मातुश्रींनी ती कडक नळी हातात घेतली, क्षणभर धरिली, परत पेटीत ठेविली.

मग त्यांनी शिवणाच्या डब्यातील कात्री आणिली. आपण स्वतः घातलेले टाके त्यांनी एकेक उसविले, वेलबुट्टीसकट, आणि खोळ बाजूस टाकिली. कडक पेटी काढिली, तेव्हा काकासाहेबांच्या तोंडून "अहो" एवढेच निघाले. काचेची कड नखाने उचलोन ती ओढली, आणि हेरंबरावांनी दुकानाप्रमाणेच डोळे मिटले. मग मातुश्रींनी पडद्यास दोन बोटे लाविली, आणि मागे नेला, आणि अजून मागे, आणि पार पाठीस टेकविला, आणि या वेळी काकासाहेब दाराकडे सरकले नाहीत. यंत्र त्यांनी मृण्मयीच्या मांडीवर ठेविले आणि म्हणाल्या, "हे खराब कर. वापरून वापरून खराब कर." मृण्मयीने पेन उलट त्यांच्याच हाती दिले. मातुश्रींची पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी सरळ गेली, आणि हळूहळू पडद्यावर हेरंबराव उमटले, डोळे घट्ट मिटलेले.

एवंच, राज्य बुडाले नाही. कन्या रोज यंत्र खांद्यावर टाकोन जाते आणि शहर काढोन आणते, आणि रविवारी पेन मातुश्रींकडे असते. रिमोट पिशवीबाहेर आला. सोफा निळा निघाला. महिन्याभरात यंत्राच्या पाठीवर पहिला ओरखडा पडला, चांगला बोटभर लांब, आणि मातुश्रींनी तो पाहिला, त्यावरून अंगठा फिरविला, आणि यंत्र परत कन्येच्या हाती दिले. हे आम्ही समक्ष पाहिले म्हणोन लिहिले, एरवी आमचाही विश्वास बसला नसता. लेखनसीमा.