मेलेल्यांच्या दारातली खुर्ची

इटलीतल्या डोंगरावरच्या मोंतेफाल्दो गावातल्या निम्म्या भिंती नाझारेनोने दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे दगड आपलं ऐकतो अशी त्याची पक्की समजूत होती. "खुर्ची वर नेतो की नाही बघ," त्याने थोरल्या भावाला, एतोरेला, बजावलं होतं.

खुर्ची आईसाठी होती, विजेवर उठवून उभं करणारी. आर्जियाबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारल्याला सहा महिने झाले होते. एतोरे त्यांना दरीतल्या आपल्या लिफ्टच्या घरात न्यायला टपलेला, आणि त्या म्हणत, "मी या घरातून एकदाच उतरणार, आणि तेव्हा माझे पाय लागणार नाहीत." खुर्ची वर गेली तर आई राहणार, नाही तर रविवारी एतोरेची गाडी येणार, असं ठरलं होतं.

खुर्ची दारातच अडली. पुढचा जिना इतका अरुंद की जाड पाहुणाही तिरका चढे. मग नाझारेनोची नजर शेजारच्या दगडांनी बुजवलेल्या दाराकडे गेली. गावातल्या प्रत्येक जुन्या घराला असं मेलेल्यांचं दार असतं. ते फक्त शवपेटी न्यायला उघडतात आणि लगेच बुजवतात. त्या दारामागचा जिना मात्र सरळ आणि ऐसपैस. नाहीतर पेटी वळवणार कशी?

ठोकठोक ऐकून आईने विचारू नये म्हणून तिला नळ दुरुस्त करतोय असं सांगून त्याने छिन्नी लावली.

दार मोकळं झालं तेव्हा त्याच्या डोळ्यांत चुना जाऊन धारा लागल्या होत्या. समोरच्या इल्देमावशींनी उघडं दार पाहिलं, त्याचे डोळे पाहिले, छातीवर क्रूस काढला आणि काही न विचारता त्याला मिठी मारली. आपलं मातृप्रेम पाहून म्हातारीला भरून आलं असेल, असं वाटून त्यानेही एक हुंदका दिला.

पाव तासात चर्चची घंटा वाजली. दोन-दोन ठोके, म्हणजे बाईमाणूस. गल्ली भरली. कुणी काळे कपडे घालून आलं, कुणी मटणाच्या रश्श्याचं पातेलं घेऊन. दरीतून एतोरे गाडी हाकत आला आणि भावाच्या गळ्यात पडून म्हणाला, "मीच छळलं रे तिला. लिफ्ट, लिफ्ट करून मारली."

"कुणाला?" नाझारेनोने विचारलं.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. काळी शाल, हातात जपमाळ, आर्जियाबाई उभ्या. सत्तर वर्षांत त्यांनी गावातली एकही मयत चुकवली नव्हती. इल्देमावशी किंचाळून पातेल्यावर बसल्या.

आर्जियाबाईंचा चेहरा उतरला. "अगं इल्दे, तू जिवंत आहेस? बाईमाणसाची घंटा, गल्लीत ही गर्दी, मला वाटलं तूच गेलीस. उगाच एकतीस पायऱ्या उतरायला लावलंत."

"आई, तू जिना उतरलीस?" एतोरे म्हणाला.

"मग काय उडत आले? मैत्रीण ती माझी. तिच्यासाठी नाही उतरायचं तर कुणासाठी?" एवढं बोलून त्यांनी इल्देमावशींचा हात घट्ट धरला, आणि दोघी म्हाताऱ्या उभ्या उभ्या रडल्या. मग आर्जियाबाईंना ते उघडं दार दिसलं.

"नाझारेनो, बुजव ते. त्यातून बाहेर जायचं असतं, आत काही आणायचं नसतं."

एतोरेने लिफ्टचं नाव पुन्हा काढलं नाही. नाझारेनोने एकट्याने सगळे दगड परत बसवले, शेवटचा बसवताना त्याची पाठ लचकली, आणि तो तसाच वाकडा राहिला. खुर्ची आता तळघरात दारूच्या पिंपांजवळ आहे. तो तिच्यातच बसून असतो, आणि आर्जियाबाई दिवसातून दोनदा एकतीस पायऱ्या उतरून त्याला सूप आणून देतात.