दिनकर पिसाळांच्या गुडघ्याचं दुखणं

दिनकर पिसाळ गेल्याची बातमी ज्या मंगळवारी आली, त्याच मंगळवारी दुपारी चार वाजता त्यांच्या डाव्या गुडघ्याचं दुखणं ठरल्याप्रमाणे उपचारासाठी आलं.

दिवस तसा नेहमीचाच होता. कराडच्या सोमवार पेठेत, छत्र्यांच्या दुकानावरच्या माडीवर मणेरीकर सरांचा सुईउपचाराचा वर्ग भरायचा. सर तरुणपणी चीनमध्ये राहून ही विद्या शिकून आले होते आणि तिथल्या सवयी त्यांनी सोडल्या नव्हत्या. दिवसभर गरम पाणी प्यायचे, आणि विद्यार्थ्याची सुई चुकली की काही न बोलता खिडकीबाहेर बघत बसायचे. दिनकररावांची बायको हेमलता ही त्यांची सगळ्यांत वयस्क विद्यार्थिनी. त्या सकाळी ती शेकासाठी वाळलेल्या पाल्याची कांडी वळत होती. हा पाला आपल्या दवण्याच्या जातीचा असतो. पेटवून त्याची धग सुईजवळ धरतात. कांडी अर्धी वळून झाली होती तेवढ्यात पाणीपुरवठा खात्यातून फोन आला. पिसाळसाहेब टाकीच्या पायऱ्या उतरता उतरता खाली बसले होते, ते उठलेच नव्हते.

चार वाजता हेमलता इस्पितळात होती. तिथे लोक तिला जिथे बोट दाखवत होते तिथे ती सही करत होती. त्यामुळे दुखणं आलं तेव्हा माडीवर फक्त शबाना मुल्ला होती. शबाना तिच्याच वर्गातली. सुयांपेक्षा तिला तळहाताचे उपचार जास्त जमायचे. अंगाला न शिवता वरून हात फिरवून कुठे काय अडलंय हे ती सांगायची. जिन्यावर एक पाय, मग थांबणं, मग कठड्याची करकर, मग दुसरा पाय, असा आवाज तिने ऐकला. वेताची खुर्ची वाजली. शबानाने खुर्चीवरून तळहात फिरवला आणि तिची खात्री पटली. मग ती इस्पितळात गेली आणि बायकांच्या गर्दीतून वाट काढत हेमलताच्या कानाशी वाकली.

"हेमाताई, भाऊजींचं दुखणं आलंय. चारचं. बसवून ठेवलंय."

हेमलता सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती. "त्याला गरम पाणी दे," ती म्हणाली. "आणि रिक्षानं घरी सोड. चालायला लावू नको."

रिक्षात चढताना दुखण्याला वेळ लागला, असं शबानाने नंतर सांगितलं. पण रिक्षावाल्याने कुरकुर केली नाही. दिनकररावांना चढायलाही तेवढाच वेळ लागायचा.

दिवसकार्य होईपर्यंत दुखणं घरातच राहिलं. आल्यागेल्यांना त्याचा त्रास झाला नाही. खालच्या पाटावर बसू लागलेला माणूस आपोआप उठून खुर्चीत बसायचा, एवढंच. आभाळ भरून आलं की घरात तीच जुनी चिडचिडी शांतता पसरायची, आणि हेमलता सवयीने तेल कोमट करायला ठेवायची. पुढे दुखणं सकाळी कामावरही जाऊ लागलं. पाणीपुरवठा खात्याने हरकत घेतली नाही; हजेरी लावता येणार नाही, पण टाकीपर्यंत जायला मनाई नाही, असं त्यांनी तोंडी कळवलं.

धाकटे दीर विलास तेवढे नाराज होते. त्यांनी एकदा दारातच विषय काढला. "वहिनी, दादाचं दुखणं भर रस्त्यानं एकटं जातं. लोक काय म्हणत असतील? घरात सोबतीला जायला कुणी माणूस नाही?" मग काही दिवस ते स्वतःच चौकापर्यंत सोबत जाऊ लागले. पण दुखणं फार हळू चालायचं आणि विलासरावांना ऑफिसला उशीर व्हायचा. ते त्यांनी सोडून दिलं आणि नाराजीही सोडली.

उपचार चालूच होता, कारण तो थांबवायला काही कारण नव्हतं. परीक्षा मंडळाचा नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याने जुन्या दुखण्याचा एक रुग्ण घ्यायचा आणि तो शेवटापर्यंत न्यायचा. तसं केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नसे आणि प्रमाणपत्राशिवाय दवाखाना मांडता येत नसे. हेमलताने रुग्ण शोधायला सुरुवात केली तेव्हा दिनकररावच पुढे झाले होते. "परक्याला कशाला टोचतेस? मला टोच. ओरडलो तर घरातल्या घरात." टाक्यांच्या पायऱ्या चढून-उतरून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. त्यात थंडी आणि ओल दोन्ही मुरलेली होती. अशा दुखण्याला चिनी वैद्यकात वेगळं नावच आहे, आणि ते सहज जात नाही.

बहुतेक जागा तिला लवकर सापडल्या. गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीला 'वासराचं नाक' म्हणतात, ती पहिल्याच दिवशी सापडली. वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला 'रक्ताचा समुद्र' असतो, तोही सापडला. राहिला होता तो 'उन्हाच्या टेकडीचा झरा'. पायाच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या डोक्यापुढे ही खळगी असते. इतरांच्या पायावर हेमलताचं बोट तिथे डोळे मिटूनही पडायचं. दिनकररावांच्या पायावर मात्र दर वेळी तांदळाच्या दाण्याएवढं चुकायचं. ते पडल्या पडल्या विचारायचे, "सापडला का झरा? नाहीतर खात्याकडून माणूस पाठवतो."

आता तो सापडत होता. पाय मधे नव्हता, त्यामुळे जागा स्पष्ट लागत होती.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा तिच्या हातात सुई तयार होती. बाकीच्या सुया लागलेल्या होत्या. खुर्चीच्या काठापुढे, दिनकररावांचा गुडघा जिथे यायचा त्या उंचीवर, त्या हवेत नीट उभ्या होत्या. प्रत्येक सुईला बोटाखाली ओढ लागली होती, गळाला मासा लागावा तशी. सर याला 'ची आली' असं म्हणत. ची म्हणजे अंगात वाहणारी शक्ती. ती अडली की दुखतं, सुटली की थांबतं. शेवटच्या जागेवर हेमलताने नुसतं बोट टेकवलं आणि खुर्चीतलं दुखणं एकदम गप्प झालं. जिना चढून आल्यावर श्वास जागेवर येतो तसं. तिने बोट उचललं. ते पुन्हा सुरू झालं. तिने सुई ठेवून दिली.

सरांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितलं नाही. "जागा बरोबर होती," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

त्यानंतर दर मंगळवारी ती बाकीच्या सुया लावायची, धग द्यायची, आणि दुखणं हलकं होऊन जिना उतरायचं. पुढच्या मंगळवारी ते परत यायचं.

सर म्हातारे झाले होते आणि सावंतवाडीला आपल्या गावी जायचं म्हणत होते. माडी आणि माडीवरचे रुग्ण हेमलताला द्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. तिची लेखी परीक्षा झाली, नाडीपरीक्षा झाली. अडलं होतं एवढ्या एका प्रकरणावर. म्हणून मंडळाने निरीक्षक पाठवले.

निरीक्षकांचं नाव जंगम. गोल चेहऱ्याचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चपला जिन्यात काढल्या, सरांना नमस्कार केला, हेमलताला केला, आणि खुर्चीलाही केला. रुग्ण हयात असावा असं नियमात कुठे नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर मंडळाची तक्रार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग उपचाराबद्दल काही तक्रार आहे का, असं त्यांनी दुखण्याला विचारलं. दुखणं काही बोललं नाही, तेव्हा तक्रार नाही असं त्यांनी धरलं. मंडळाची अडचण वेगळी होती. प्रकरण लांबलं होतं.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. दुखणं बरं करावं. किंवा रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या नावावर करावं. विलासरावांचे गुडघे चांगले असल्यामुळे ते पात्र ठरत होते. किंवा मंडळाच्या स्वाधीन करावं. विभागीय कार्यालयात अशा मागे राहिलेल्या दुखण्यांसाठी एक खोली होती. "हवेशीर आहे," जंगम म्हणाले. "काही दुखणी तर तिथं वर्षानुवर्षं आहेत. एकमेकांना धरून राहतात."

खोलीला हेमलताने तिथल्या तिथे नकार दिला. विलासरावांना फोनवर विचारलं गेलं. दादासाठी आपण काहीही करू, पण सध्या ऑफिसात बढतीचं चाललंय, असं ते म्हणाले.

"म्हणजे पहिली वाट उरली," जंगम म्हणाले. "आणि सर म्हणतात, तुम्हाला जागा सापडलेली आहे."

"सापडलेली आहे."

"मग?"

हेमलताने सतरंजी सरळ केली. बोलली ती शबाना. ती कोपऱ्यात सुया उकळत होती. हातातला चिमटा तिने खाली ठेवला. "साहेबांसमोर बोलू नये, पण बोलते. हेमाताई, तू स्वतःला करमावं म्हणून त्याला दुखत ठेवतेस. भाऊजी असते तर असं केलं असतंस?"

"ते असते तर त्याच दिवशी सुई लावली असती."

"मग यानं काय पाप केलंय?"

"शबाना, दुखतं ते माणसाला," हेमलता म्हणाली. "माणूस आता नाही. हे आहे ते नुसतं दुखणं. दुखण्याला कुठं दुखतं?"

जंगम विचारात पडले. मुद्दा नवीन होता. दुखण्याला दुखतं की नाही याबद्दल मंडळाचं परिपत्रक नव्हतं. त्यांनी शबानाला हात फिरवून बघायची विनंती केली. शबानाने खुर्चीवर तळहात धरला, बराच वेळ धरला, आणि मागे घेतला.

"काय वाटतं?"

"ऊब आहे," ती म्हणाली. मग अनिच्छेने, "हाल नाहीत."

"म्हणजे तो आक्षेप गेला," जंगम म्हणाले. "पण बाई, आराम द्यायचा आणि बरं करायचं नाही, याला उपचार म्हणत नाहीत. याला सोबत म्हणतात."

"म्हणा."

"सोबतीचं प्रमाणपत्र मंडळ देत नाही."

"देऊ नका."

सर पहिल्यांदाच मधे पडले. आवाज न चढवता ते म्हणाले, "हेमलता, माझ्याकडे आजवर जेवढे शिकले त्यात तुझ्या हाताचा कुणी नाही. ही माडी गेली तर तुला या वयात दुसरी मिळायची नाही. एक सुई आहे. मी इथे उभा राहतो, हवं तर तुझा हात धरतो."

तिने ऐकून घेतलं. हात धुतले, पुसले, आणि ती खुर्चीपुढे सतरंजीवर बसली. वासराच्या नाकात सुई लावली. रक्ताच्या समुद्रात लावली. बाकीच्याही ओळीने लावल्या. प्रत्येक सुई लागताना ओढ आली का हे बघत होती, घाई करत नव्हती. मग शेवटची सुई घेतली. डाव्या हाताचं बोट झऱ्यावर टेकवलं. जागा तिथेच होती, तांदळाच्या दाण्याचाही फरक नव्हता. दुखणं गप्प झालं. खाली छत्रीवाला कुणाला तरी काडी बदलून देत होता, त्याचा आवाज वर आला. माडीवर दुसरा आवाज नव्हता, आणि सुई लावली तर ही शांतता पुढेही कशी राहील हे हेमलताला नीट ऐकू आलं.

तिने बोट उचललं. खुर्ची कुरकुरली.

"बाई," जंगम हळूच म्हणाले, "मंडळाला शेवट लागतो."

"शेवट झालाय," हेमलता म्हणाली. "टाकीच्या पायऱ्यांवर झाला, मला कुणी विचारलं नाही. आता विचारताय, तर सांगते. दुसऱ्यांदा माझ्या हातानं होणार नाही."

"मग मी काय लिहू?"

"जमत होतं, केलं नाही, असं लिहा. जमलं नाही असं लिहू नका."

जंगमांनी तसंच लिहिलं. तिने ते वाचून घेतलं आणि खाली सही केली. या वेळी कुणाला बोट दाखवावं लागलं नाही. जाताना त्यांनी खुर्चीला पुन्हा नमस्कार केला आणि दुखण्याला आधी उतरू दिलं. ते हळू उतरत होतं, तेवढा वेळ जंगम हातात चपला घेऊन वरच्या पायरीवर थांबले.

माडी शबानाला मिळाली. सर सावंतवाडीला गेले. मंडळाने हेमलताचं नाव यादीतून काढलं. रुग्ण घेऊ नयेत असं दोनदा बजावलं, दुखणं स्वाधीन करावं असं तीनदा कळवलं. एकदा त्यासाठी गाडीही पाठवली. गाडी येऊन दारात उभी राहिली. हेमलताने ड्रायव्हरला चहा दिला आणि रिकामी परत पाठवली. मंगळवारी चारला शबाना माडी मोकळी ठेवते. हेमलताला पाणी देते, दुखण्याला देते, आणि दोघांनाही तोंडभर बोलते. हेमलता मग सुया लावते. उन्हाच्या टेकडीच्या झऱ्यावरची सुई तिने लावलेली नाही.