तीन कोटेशनं आणि एक डावी बंदूक

आमच्या शेजारचे कचरूकाका रोज सकाळी सातला गच्चीवर सतरंजी अंथरतात, तिच्यावर पालथे पडतात, फरशी पुसायचा वायपर खांद्याला लावतात आणि माझ्या पाण्याच्या टाकीवर नेम धरतात. टाकीवर त्यांनी मला न विचारता एक काळी टिकली चिकटवली आहे; ती पडली की नवी लावतात. वायपरच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं असतं. श्वास रोखून ते तोंडानं ‘टक्’ म्हणतात. नेम हलून नाणं पडलं की स्वतःवर चिडतात, गुडघे चोळत उठतात, वहीत काहीतरी लिहितात आणि पुन्हा पालथे होतात.

पुंडलिकनगरात राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं. मला वाटलं, कमरेचा व्यायाम असेल. बायकोचं मत पडलं, आपली टाकी गळते का ते बघत असतील, भला माणूस दिसतोय. शेवटी मी कठड्यावरून विचारलं.

“बंदूक घ्यायची हाय,” काका वायपर न हलवता म्हणाले. “प्रकरण विचाराधीन हाय.”

मी त्या दिवशी चहा अर्धवट टाकून खाली आलो.

काका मूळचे फुलंब्रीकडचे. शेती भाऊ बघतो. काकांनी तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात टेंडरचं टेबल सांभाळलं. ते रिटायर झाले, पण टेबल काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. “तीन कोटेशनं आल्याबिगर कशाला हात नाय लावायचा,” हे त्यांचं पालुपद. मागं त्यांची दाढ दुखत होती. तीन दातवाल्यांना दाखवून त्यांनी फूलस्केपवर तुलनात्मक तक्ता मांडला. तक्ता पुरा व्हायच्या आत दाढ आपण होऊन पडली. त्यांच्याकडे कूलर आला तो दिवाळीत. मंदाकाकूंनी त्याच्यावर पणत्या ठेवल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

काकू तशा कमीच बोलतात. आम्ही घरी नसलो की आमची पार्सलं घेतात, उजव्या हातानं सावकाश, एकेक अक्षर कोरत सही करतात आणि संध्याकाळी पार्सल आणून देतात. अशा बाईच्या घरात बंदूक येणार म्हणून मला त्यांची काळजीच वाटायची.

हळूहळू कळलं ते असं. बंदूक कुणाला मारायला नव्हती. शहरात एक रायफल क्लब आहे. तिथं पन्नास मीटरवर, पालथं पडून, ‘पॉइंट टू टू’ नावाच्या बारक्या काडतुसाच्या रायफलीनं कागदावर नेम मारायचा असतो. दर हिवाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा होते आणि तिच्यात पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो. काकांना त्या गटाचा अर्ज भरायचा होता. अर्जात कोणती रायफल ते लिहावं लागतं आणि काकांची रायफल काही ठरत नव्हती. सलग दोन वर्षं मुदत टळून गेली होती.

“यंदा नाय तर मंग नाय,” ते म्हणाले. “डोळ्यावर सारा आलाय, मोतीबिंदूचा. भरवसा नाय आता.”

मला वाईट वाटलं आणि त्या भरात मी म्हणालो, “मी काही मदत करू का?” हे वाक्य मी त्यानंतर आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जुन्या शहरात कादरभाईंच्या दुकानात नेलं. कादरभाई बंदुका दुरुस्त करतात आणि क्लबच्या रायफलींची देखभालही तेच बघतात. त्यांनी फडक्यावर तीन नग मांडले.

“ये देशी. भारी है, घोडा सख्त. ये जर्मन, पुरानी है, मगर घोडा मक्खन. और ये एअर रायफल. घर में दस मीटर पे मारो, लायसन का झंझट नक्को.”

काकांनी पहिली उचलली, डाव्या खांद्याला लावली, खाली ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘उजवी. नामंजूर.’ दुसरी, नामंजूर. तिसरी, नामंजूर. मला काही कळेना.

“उजवी म्हणजे?”

“गोळी भरायची दांडी बघा, बोल्ट म्हनतात तिला. ती उजवीकडं हाय. डावऱ्या मानसानं काय करायचं?”

“पण काका, तुम्ही कुठं डावरे आहात?”

काकांनी वहीचं पान उलटलं. मी मनाशी हिशेब मांडला. डोळ्यावर सारा आलाय म्हणजे उजवाच डोळा अधू असणार, म्हणून बिचारे डाव्यानं नेम धरतात. माझं मलाच कौतुक वाटलं.

कादरभाई हसले. “काका, कायकू इतना सोचते? क्लब में एक डावी पड़ी है, बरसों से कोई हात नहीं लगाया. मेंबर हो जाओ और चलाओ. चटई, पट्टा, कारतूस, बस. घर में खाली लकड़ी से आदत करो. सीखने को इससे सस्ता कुछ नहीं.”

“हे झालं एक कोटेशन,” काका म्हणाले. “बाकीची दोन?”

“डावी एकीच है, काका.”

“मंग फेरनिविदा.”

त्या दिवसापासून माझ्या डोक्याचं भजं झालं. काका सकाळ-संध्याकाळ कठड्याशी यायचे. घरी एअर रायफल आणि क्लबात पॉइंट टू टू असं दोन्ही घेतलं तर? उजवीचा लाकडी दस्ता सुताराकडून डावा करून घेतला तर? काडतूस भारी घ्यावं की सरावाला साधंच? सकाळी ज्याला मी हो म्हणायचो त्यालाच संध्याकाळी नाही म्हणायचो आणि काका दोन्ही मतं तारीख घालून लिहून घ्यायचे. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. त्या आठवड्यात मी फळ्यावर मराठवाड्याचं पर्जन्यमान मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये लिहिलं आणि वर्गाला फार आनंद झाला.

अर्जाची मुदत शनिवारी दुपारपर्यंत होती. शनिवारी सकाळी मी त्यांच्या गच्चीवर गेलो. मनात ठरवलं होतं की आज स्पष्ट बोलायचं. काका सतरंजीवर मांडी घालून बसले होते. समोर कोरा अर्ज होता आणि शेजारी तुलनात्मक तक्ता, चार खडे ठेवून पसरलेला. रकाना एक, क्लबची डावी. रकाना दोन रिकामा. रकाना तीन रिकामा. सगळ्यात वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती. ‘वापरणार : सौ. मंदाकिनी.’

मी ती ओळ दोनदा वाचली.

“काकू?”

“डावरी हाय ती,” काका म्हणाले. “घरात आल्या आल्या माझ्या आईनं सांगितलं, डाव्या हातानं वाढायचं नाय, लिव्हायचं नाय. तिनं सोडलं. सारा बी तिच्याच डोळ्यावर आलाय, उजव्या. नेमाचा डावा डोळा अजून साफ हाय, पन कवर राहील?”

माझ्या हिशेबातला निम्मा भाग तेवढा बरोबर निघाला. डोळा उजवाच होता, फक्त माणूस चुकला होता.

“कॉलेजात कॅडेट व्हती. नेमात पहिली. मोठ्या कॅम्पाला नाव लागलं व्हतं. तेवढ्यात तिच्या बापानं माझं स्थळ बघितलं. दुसरं नाय बघितलं, तिसरं नाय बघितलं. पंधरा दिवसांत लगीन. ज्या दिवशी कॅम्पाची गाडी गेली त्या दिवशी हिला हळद लागली.” त्यांनी तक्त्यावरचा एक खडा उचलला आणि परत तिथंच ठेवला. “मला ठाव व्हतं. सासरा बोलला व्हता, पोरगी कॅम्पाला जाते म्हनती. म्हैनाभर थांबू, एवढं म्हनलो असतो तर झालं असतं. म्या गप बसलो. एका कोटेशनवर त्यांनी पोरगी देऊन टाकली, अन् त्ये कोटेशन आपलं व्हतं. तवापास्नं मला भ्या वाटतं.”

दाढ, कूलर, पणत्या, सगळं आठवलं आणि मी यावर घरी किती हसलो होतो तेही आठवलं. मला माझी लाज वाटली.

“काकूंना विचारलंत?”

“नाय.”

“दोन वर्षांत एकदाही?”

“तक्ता पुरा झाल्यावर इचारनार व्हतो. तवर डाव्या अंगानं जमतं का, ते आदी सोता करून बघत व्हतो.” मग हळूच म्हणाले, “नाय म्हनली तर?”

जिन्याच्या दारात कपांचा आवाज झाला. काकू तीन चहा घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी ट्रे कठड्यावर ठेवला.

“माझ्या टिकल्यांचं पाकीट कोन संपवू राहिलं, ते कळायला दोन वर्षं लागत नाय,” त्या म्हणाल्या. “सरका.”

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि सतरंजीवर पालथ्या झाल्या. वायपर डाव्या खांद्याला लावला. “कोपर बाहेर जाऊ राहिलं तुमचं. म्हनून नानं पडतं. जिन्यातून रोज बघते मी.” काकांनी वायपरच्या डोक्यावर रुपया ठेवला. काकूंनी अर्धा श्वास सोडला आणि थांबल्या. टक् वगैरे काही केलं नाही. खालून भाजीवाला ओरडत गेला, माझ्या चहावर साय धरली, पण रुपया जागचा हलला नाही.

काका म्हणाले, “क्लबची हाय एक, डावी. पन कोटेशन एकच आलंय.”

टिकलीवरून नजर न काढता काकू म्हणाल्या, “मलाबी एकच आलं व्हतं. निभलं की.”

काकांनी खडे उचलून तक्त्याची घडी केली. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. अर्जात रायफलच्या रकान्यात त्यांनी ‘क्लबची, डावी’ असं लिहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं खाली ‘मंजूर’ लिहून स्वतःची लफ्फेदार सही ठोकली. ती जागा अर्जदाराची होती.

काकू उठून बसल्या. त्यांनी अर्ज मांडीवर घेतला, काकांची सही एका रेघेनं खोडली, पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि शेजारी भराभर आपली सही केली.